जाहिराती कापू नका

वाचकाचं पत्र : वडील जाऊन दोन वर्षं झाली. माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत नऊ व्हिडिओ कॅसेटी सापडल्या. १९९३ ते ९७ या काळात आम्ही डोंबिवलीला राहत होतो. रविवारी सकाळी माझा क्लास असायचा, म्हणून वडील दूरदर्शनवरचं जंगल बुक, डकटेल्स, टेलस्पिन रेकॉर्ड करून ठेवायचे. प्रत्येक कॅसेटवर त्यांच्या अक्षरात तारखा आहेत. चिपळूणला आल्यापासून ट्रंक माळ्यावरच होती. २०२१च्या पुरात खालचं सगळं गेलं, ही वाचली. पण पाच कॅसेटींच्या आत पांढरं काहीतरी धरलंय. गावातल्या लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला दाखवल्या, तर तो म्हणाला, "फेकून द्या, सगळं यूट्यूबवर मिळतं." अमेरिकेतल्या बहिणीकडे डकटेल्स इंग्रजीत पाहिलं, ते आपलं वाटलं नाही. आठ वर्षांच्या मुलीला जंगल बुकचा एक भाग लावून दिला, ती सात मिनिटांत उठून गेली. खरं सांगायचं तर मलाही कंटाळा आला. या कॅसेटी वाचवाव्यात का, आणि कशा? आणि पाहून कंटाळाच येणार असेल तर एवढा खटाटोप कशाला?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर :

वाचवा. मात्र फेकून द्या म्हणणाऱ्याचं म्हणणं निम्मं खरं आहे, तेव्हा आधी ते निम्मं मोकळेपणानं मान्य करू.

जंगल बुक ही जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची मालिका. १९८९-९०मध्ये तिकडे दाखवली गेली, एकूण ५२ भाग. डकटेल्स डिस्नेची, १९८७ची, १०० भागांची. टेलस्पिन १९९०ची, ६५ भागांची. ही चित्रं कुठेही हरवलेली नाहीत. तुमच्या कॅसेटीवरच्या चित्रापेक्षा कितीतरी स्वच्छ प्रती त्यांच्या मालकांकडे आहेत. हिंदी जंगल बुक तर एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शननं पुन्हा दाखवलंही. तेव्हा निव्वळ कार्टूनसाठी धडपड करणार असाल तर हाती फार नवं लागणार नाही.

बहिणीकडचं डकटेल्स आपलं का वाटलं नाही, याचं उत्तरही इथेच आहे. चित्र तेच होतं, आवाज दुसरा होता. जपानी जंगल बुकमध्ये गुलजारांच्या शब्दांचं आणि विशाल भारद्वाज यांच्या चालीचं शीर्षकगीत नाही, आणि तिथल्या शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज नाही. ते इथे घडलं, इथल्या प्रक्षेपणासाठी. मूळ मालिका जपून ठेवणाऱ्याला हिंदी ध्वनिपट्टी जपण्याचं कारण नसतं, आणि प्रक्षेपणाचे हक्क मुदतीचे असतात. त्यामुळे परदेशी कार्टूनांच्या जुन्या हिंदी आवृत्त्या बऱ्याचदा घरोघरच्या कॅसेटींच्या भरवशावरच राहिल्या. तुमच्याकडचा एखादा भाग हिंदीत दुसरीकडे कुठेच नसेल, असं होऊ शकतं. पण त्याहून दुर्मीळ आहे ते दोन कार्टूनांच्या मधलं. दूरदर्शनचं फिरत फिरत जुळणारं बोधचिन्ह, निवेदिका, साबण-बिस्किटांच्या जाहिराती, अचानक येणारी 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी, मुंबई केंद्राच्या कुठल्याशा कार्यक्रमाची आगाऊ सूचना. हे मुद्दाम फारसं कुणी साठवलं नाही. म्हणून पहिला नियम : टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पडद्यावरच्या खरखरीच्या मुंग्यांसकट, अख्खी उतरवायची. जाहिराती कापायच्या नाहीत.

आता कामाला लागू.

कॅसेट कुठल्याही यंत्रात घालण्याआधी तिच्या पाठीकडे, जिथे पट्टीचं लेबल लावतात त्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात एक छोटी प्लास्टिकची जीभ असते. ती स्क्रूड्रायव्हरनं मोडून टाका. ती असेपर्यंत रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं गेलं तर १९९४चा रविवार पुसून तिथे आजच्या मुंग्या बसतील. आधीच मोडलेली असेल आणि वर सेलोटेप लावलेला असेल, तर तो सेलोटेप काढा. मग प्रत्येक कॅसेटचा, तिच्या खोक्याचा आणि लेबलाचा सरळ वरून फोटो काढा, आणि १ ते ९ क्रमांक खोक्यावर लिहा, लेबलावर नको.

बुरशीवाल्या पाच वेगळ्या करा, प्रत्येक आपापल्या झिपच्या पिशवीत. पांढरं दिसलं म्हणजे दर वेळी बुरशीच असं नाही. आतली चाकं बऱ्याचदा पांढऱ्याच प्लास्टिकची असतात. कॅसेटच्या खिडकीतून टॉर्चचा उजेड तिरका मारा. गुंडाळलेल्या फितीची कड काळी, सपाट, चकचकीत दिसली तर ठीक. त्यावर ठिपके, पिठासारखी भुकटी किंवा कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये एकदाही घालू नका. भुकटी हेडमध्ये, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागात, जाऊन बसते, चित्र जातं, आणि त्याच यंत्रात नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटींनाही प्रसाद मिळतो. शिवाय चिकटलेले पदर यंत्राच्या ओढीनं फाटतात.

पावसाळा चालू असेल तर सफाईचं नाव काढू नका. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी वाढू लागते आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याच्या खूप वर असते. या दिवसांत एवढंच करायचं : झाकणाला रबराची कड असलेला २०-२५ लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात कॅसेटी उभ्या ठेवा (आता पिशव्यांची तोंडं उघडी), अर्धा किलो सिलिका जेल सुती पुरचुंडीत बांधून ठेवा आणि एक छोटं आर्द्रतामापक आत टाका. आकडा ४०च्या आसपास उतरून तिथेच राहिला की तिथून पुढे तीन आठवडे मोजायचे. निळे खडे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतात. त्यांना अन्नाच्या भांड्यात ठेवू नका. वाळलेली बुरशी मरत नाही, पण सुप्त होते, आणि चिकट राहण्याऐवजी भुकटी होऊन झटकली जाते. आपल्याला तेच हवंय.

कॅसेटींना ऊन देऊ नका. पापड-कुरडयांचं शास्त्र इथे चालत नाही. फीत पॉलिएस्टरची असते, उष्णतेनं तिचं गुंडाळं वेडंवाकडं ताणलं जातं, आणि तो ताण नंतर चित्राच्या वरच्या कडेला वाकडेपणा म्हणून दिसतो. तांदळाच्या डब्यातही नको, पीठ आत जातं. डांबरगोळ्यांचा बुरशीवर उपयोग नाही आणि त्यांची वाफ प्लास्टिकला मानवत नाही.

सफाई डिसेंबर ते फेब्रुवारीत, घराबाहेर, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. दमा असलेल्या माणसानं आणि मुलानं जवळपास फिरकू नये. सोबत लागेल ते : बारीक फुली पेचकस, मऊ ब्रश, धागे न सोडणारं मायक्रोफायबर कापड (त्याच्या तीन बोटं रुंद पट्ट्या कापून ठेवा, एका कॅसेटीला वीस-पंचवीस लागतात), ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि भंगारवाल्याकडून पाच-सहा स्वच्छ जुन्या कॅसेटी. या शेवटच्या वस्तूमुळे सगळं काम हलकं होतं. बुरशी जितकी फितीवर असते तितकीच कवचाच्या आत असते. कवच धूत बसण्यापेक्षा फीत नव्या कवचात हलवणं सोपं.

कॅसेट पालथी घाला. मागे पाच पेच दिसतील. ते काढा, पण लगेच उघडू नका. दोन्ही अर्धुकं हातात घट्ट धरून कॅसेट सुलटी करा आणि मगच वरचं अर्धुकं उचला. उलटी उघडलीत तर चाकं, रोलर, छोट्या स्प्रिंगा सगळं मांडीवर. पाठीवरचं लेबल दोन्ही अर्धुकांवर चिकटलेलं असेल तर आधी कटरनं सांध्यावर चीर द्या. वडिलांचं अक्षर आडवं कापलं जाणार असेल तर लेबल हेअर ड्रायरच्या कोमट हवेनं सैल करून उचला, हवा फितीपासून लांब ठेवून. उघडल्याबरोबर फोटो काढा. फीत कुठल्या खुंटीच्या आतून, कुठल्या बाहेरून जाते, हे दोन मिनिटांनी आठवत नाही. मग दोन्ही रिळं एकदम उचलून रिकाम्या कवचात तशीच ठेवा, फितीच्या चकचकीत बाजूला बोट न लावता. फितीला अल्कोहोल लावायचं नाही, पाणी तर नाहीच. अल्कोहोल फक्त रिळांच्या प्लास्टिकला, कापडावर घेऊन.

कडेची बुरशी जाण्यासाठी फीत पूर्ण उलगडून पुन्हा गुंडाळावी लागते. यासाठी जुना सुटा रिवाइंडर (फीत नुसती गुंडाळणारं यंत्र) मिळाला तर उत्तम. चांगला व्हीसीआर या कामाला लावू नका. रिवाइंडरचं झाकण उघडं ठेवून चालवता आलं तर कॅसेटच्या तोंडाशी फीत उघडी असते, तिथे कापडाची पट्टी दुमडून फितीच्या दोन्ही बाजूंनी हलकी धरायची. कापड काळं-पांढरं झालं की यंत्र थांबवून नवी पट्टी घ्यायची, साधारण दर दोन मिनिटांनी. एकदा पुढे, एकदा मागे ही एक फेरी. कापड स्वच्छ निघेपर्यंत फेऱ्या, सहसा दोन ते चार. मध्येच फीत अडली, टिकटिक आवाज आला, की यंत्र ताबडतोब बंद. पदर चिकटलाय. तिथे रीळ हातानं, बोटभर-बोटभर फिरवून सोडवायचं. दोन-तीन वळशांत सुटलं नाही तर ती कॅसेट बंद करून ठेवा आणि बुरशीचं काम नेहमी करणाऱ्या माणसाकडे पाठवा. इथे जिद्द कामाची नाही.

फीत तुटलीच तर घरातला सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद पाझरतो, फिरत्या हेडला चिकटतो आणि यंत्रच जातं. चित्रफितीसाठीची जोडपट्टी वेगळी मिळते आणि ती फितीच्या आतल्या बाजूला लावतात, कारण या कॅसेटींत चित्राची बाजू बाहेर असते. पण जोड असलेली फीत हेडवरून नेणंही धोक्याचंच. आमचा सल्ला : तुटलेली फीत जोडू नये, दोन तुकडे दोन कवचांत घालावेत, मधल्या दोन सेकंदांवर पाणी सोडावं.

व्हीसीआर कसा निवडायचा? पाल पद्धतीचा हवा, कारण दूरदर्शनचं चित्र ६२५ ओळींचं, सेकंदाला ५० अर्धचित्रांचं (एकाआड एक ओळींचं एक अर्धचित्र, दोन मिळून एक पूर्ण चित्र). आखातातून आलेले बहुपद्धतीचे व्हीसीआर अजून बाजारात दिसतात, ते चालतात. नवे मिळत नाहीत. शेवटच्या मोठ्या उत्पादकानं, जपानच्या फुनाईनं, २०१६च्या जुलैत हे काम थांबवलं. जुना घेताना विकणाऱ्याकडेच कॅसेट लावून पाहा : चालते का, पुढे-मागे पळते का, आणि बाहेर काढल्यावर फीत सुरकुतलेली नाही ना. पंधरा वर्षं पडून असलेल्या यंत्रात रबर कडक झालेलं असतं. मग रिवाइंड सुरू होतं आणि अर्ध्यात थांबतं. घरी आणल्यावर पहिल्यांदा स्वतःची कॅसेट घालू नका. भंगारातला एखादा हिंदी सिनेमा अर्धा तास चालवा.

आतलं चकचकीत ड्रम ६२ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि मिनिटाला १,५०० फेरे मारतं. त्यावरची हेडं इतकी बारीक की धुळीचा एक कण चित्र अर्धं करतो. साफ करताना कानकाडी वापरू नका. तिचा कापूस हेडच्या कडेला अडकतो आणि हेड तुटतं. साधा पांढरा कागद अल्कोहोलनं ओला करून ड्रमला आडवा टेकवून धरा आणि ड्रम वरून बोटानं फिरवा. कागद वर-खाली हलवायचा नाही. रबराच्या रोलरला मात्र अल्कोहोल नको, ते रबर सुकवतं. ओलसर कापड पुरे.

कॅसेट वर्षानुवर्षं पडून होती, तेव्हा चित्र पाहण्याआधी ती एकदा शेवटपर्यंत पळवा आणि परत आणा. गुंडाळं सैल होऊन समान ताणात बसतं.

आता संगणकात उतरवणं. बाजारात पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारा घेऊन एचडीएमआय देणारी स्वस्त डबी मिळते. ती टाळा. ती चित्र ताणते, ४:३चं १६:९ करते आणि ५० अर्धचित्रांचं ६० करते. टेलस्पिनमधला अस्वल बलू अकारण जाडा होतो आणि विमान धक्के खात उडतं. यूएसबीचं कॅप्चर उपकरण घ्या, जे मूळ ७२० × ५७६ चित्र, अर्धचित्रं न मिसळता देतं. विंडोजवर व्हर्च्युअलडब हे फुकट सॉफ्टवेअर या कामाला ओबीएस या दुसऱ्या फुकट प्रोग्रामपेक्षा बरं, कारण ओबीएस अर्धचित्रं उतरवतानाच मिसळून टाकतं. मिसळलेली परत वेगळी होत नाहीत. व्हीसीआरच्या मेनूत निळ्या पडद्याची सोय असेल तर बंद करा, नाहीतर चित्र जरा अशक्त झालं की यंत्र निळं दाखवतं आणि तेवढा भाग जातो. चित्र तीक्ष्ण करण्याचं बटण सर्वांत कमीवर.

जागेचा हिशेब. ई-१८० कॅसेट तीन तासांची. नऊ कॅसेटी म्हणजे २७ तास. काहीही न गमावता दाबलेल्या मूळ प्रतीला तासाला साधारण ३० जीबी लागतात, म्हणजे ८१० जीबी. एक टीबीची डिस्क काठोकाठ भरेल, दोन टीबीची घ्या, आणि तशा दोन. वडिलांनी फीत वाचवायला निम्म्या वेगानं, एलपीवर, रेकॉर्ड केलं असेल तर तीच कॅसेट सहा तास चालेल आणि हिशेब दुप्पट होईल. पाहण्यासाठीची हलकी प्रत सेकंदाला ६ मेगाबिटची करा, तासाला २.७ जीबी, सगळं मिळून ७३ जीबीच्या आसपास.

बिघडतं काय, तेही आधीच सांगतो. अर्ध्या तासानं तोंड पुढे आणि आवाज मागे असं झालं, तर याचा अर्थ उपकरणानं चित्राच्या काही चौकटी गाळल्या, आवाज मात्र अखंड घेतला. व्हर्च्युअलडब गाळलेल्या चौकटींचा आकडा दाखवतं. तो वाढत असेल तर बाकी सगळे प्रोग्राम बंद करा आणि डिस्क संगणकाच्या आतली वापरा. तरी थांबलं नाही तर दोष फितीतल्या डळमळत्या संकेताचा आहे. व्हीसीआर आणि उपकरण यांच्यामध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता मार्ग म्हणून जोडला तर काही मॉडेलं संकेत स्थिर करून पुढे पाठवतात. चित्रावरून पांढरा आडवा पट्टा सरकत असेल तर ट्रॅकिंग, म्हणजे हेड फितीवरच्या रेघांशी जुळवण्याची सोय, हातानं फिरवा. प्रत्येक कॅसेटीला ते वेगळं लागेल. अगदी खालच्या सहा-आठ ओळींत कायम खरखर दिसेल. तो दोष नाही, वाचन एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाण्याची जागा आहे, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची. मूळ प्रतीत ती राहू द्या.

हे सगळं जमणार नसेल आणि दुकानात द्यायचं ठरवलंत, तर तीन गोष्टी विचारा : फाइल देणार की डीव्हीडी, अर्धचित्रं मिसळणार की नाही, आणि बुरशीची कॅसेट आधी साफ करणार की तशीच घालणार. डीव्हीडीवर तीन तास कोंबले तर सेकंदाला साडेतीन मेगाबिटही धड मिळत नाहीत, आणि कार्टूनच्या सपाट रंगांवर चौकोनी डाग लगेच उठून दिसतात. लग्नाच्या चित्रात ते खपून जातात. "सगळे तसंच करतात" असं उत्तर आलं तर कॅसेटी उचलून घरी या. आणि पहिल्या वेळी एकच द्या, नऊ नाही.

घरच्यासाठी प्रत करून ठेवण्यात अडचण नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खाजगी वापराला रास्त मोकळीक देतं. यूट्यूबवर अख्खे भाग चढवणं वेगळं. चित्रपटाचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, तेव्हा १९९३चं काही या पिढीत मोकळं व्हायचं नाही.

आता कंटाळ्याबद्दल.

पहिली शंका टीव्हीवर घ्या. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करण्याची सोय सुरुवातीपासून चालू असते. हातानं काढलेल्या कार्टूनमध्ये एक चित्र बहुतेक वेळा दोन चौकटी धरून ठेवलेलं असतं, सेकंदाला बारा चित्रं. त्याचा तो टपटप ठेका असतो. टीव्ही मध्ये स्वतःची चित्रं घुसडतो आणि मोगली तेलात पोहल्यासारखा चालतो. मेनूत जाऊन ही सोय बंद करा. मग आकार पाहा : या फितीवर आडवे जेमतेम २४० ओळींचे तपशील आहेत. ते ५५ इंचांवर ताणले की राख दिसते. टॅबवर किंवा टीव्हीच्या मधोमध छोट्या चौकटीत पाहा. कृत्रिम बुद्धिमत्तेनं चित्र 'सुधारून' देणाऱ्या सेवांच्या नादी लागू नका. त्या ब्रशच्या रेषेची तार करून टाकतात. करायचंच असेल तर वेगळ्या प्रतीवर.

दुसरं, मापाचं. दूरदर्शनवर या मालिका आठवड्याला एक भाग या मापानं यायच्या. तीच धावण्याची चित्रं, तीच जंगलाची पार्श्वभूमी, तोच हसण्याचा तुकडा पुन्हा पुन्हा वापरला जायचा, कारण त्यात खर्च वाचायचा. सात दिवसांनी पाहणाऱ्याच्या ते लक्षात यायचं नाही. ओळीनं तीन भाग पाहिले की लगेच येतं. तेव्हा कंटाळा आला म्हणून आठवण खोटी ठरत नाही. ओळीनं पाहणं म्हणजे महिन्याचं औषध एका बसणीत पिणं. एका वेळी एकच भाग, आणि तो जाहिरातींसकट, म्हणजे त्याला त्याचा श्वास मिळतो.

मुलीला कुठला भाग दाखवायचा, तेही विचारानं ठरवा. जंगल बुकची गोष्ट लांबलचक, हळू चढणारी. मधलाच एखादा भाग सुटा दाखवला तर कुणीही उठेल. डकटेल्सची सुरुवात पाच भागांच्या एका गोष्टीनं होते, टेलस्पिनची चार भागांच्या, म्हणून तिथूनही नको. या दोन्हींतले एका भागात संपणारे, विमानाचा पाठलाग किंवा खजिन्याची चोरी असलेले भाग निवडा. भाषेचाही विचार करा. तुमच्या पिढीतल्या कितीतरी मराठी मुलांचं हिंदी या रविवारांनीच घडवलं. तिची गोष्ट तशी नसेल, तर ती कथेला नाही, भाषेला कंटाळली असेल. शेजारी बसून अडलेलं हळूच मराठीत सांगा. "आवडलं ना?" असं विचारू नका. त्या प्रश्नाचं एकच उत्तर चालतं, हे मुलांना बरोबर कळतं. उठून गेली तर जाऊ द्या, तुम्ही बसा.

तिच्यासाठी याहून बरं काम एक आहे. प्रत्येक कॅसेट उतरवली की तिची यादी करावी लागते, नाहीतर २७ तासांत काही सापडायचं नाही. वहीत रकाने आखा : कॅसेट क्रमांक, वेळ, काय आहे. भाग, जाहिरात, निवेदन, मुंग्या. आठ वर्षांच्या मुलीला कार्टूनपेक्षा १९९४च्या जाहिरातींचं जास्त हसू येईल, आणि त्या मोजायला ती बसेल.

या वहीत आणखी एक रकाना ठेवा, पॉजचा. काही कॅसेटींत जाहिराती गाळलेल्या आढळतील. तिथे चित्र क्षणभर उडी मारतं, रंगांचा एक पट्टा झरकन जातो आणि पुढचा प्रसंग सुरू होतो. घरगुती व्हीसीआर पॉज सोडताना फीत किंचित मागे घेऊन नव्यानं सुरुवात करायचे, त्याची ती खूण. ठरलेल्या वेळी आपोआप रेकॉर्ड करणाऱ्या टायमरला जाहिरात ओळखता येत नाही. आणि पॉज पाच-एक मिनिटांहून जास्त राहिला तर फीत झिजू नये म्हणून यंत्र आपोआप थांबायचं. म्हणजे तुम्ही क्लासला असताना वडील कॅसेट लावून बाजारात गेलेले नव्हते. रिमोट हातात धरून समोर बसलेले होते, आणि जाहिराती संपण्याची वाट पाहत होते. कधी पॉज सोडायला उशीर होऊन भागाची पहिली दोन वाक्यं गेलेली असतील, कधी घाई होऊन जाहिरातीचं शेपूट राहिलेलं असेल. सगळ्यांच्या वेळा लिहून ठेवा.

सुरुवात क्रमांक ठरवून करा : आधी स्वच्छ असलेल्या चार, त्यातही लेबलावर सर्वांत कमी लिहिलेली पहिली.